लव्ह कॅनॉलचें प्रकरण : एक खरेदीखत व एक नकाशा

अस्सल कागद हा इतिहासाचा मुख्य आधार, हें मत आमच्या वाचकांस नवें नाहीं. परंतु कागद अस्सल असूनहि ज्यांच्या जीविताशीं त्याचा संबंध त्यांच्या दृष्टीस तो पडलाच नाहीं तर काय अनर्थ होतो, याचें उदाहरण अमेरिकेंतील नायगारा फॉल्स शहराच्या अर्वाचीन इतिहासांत सांपडतें. तें येथें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

न्यूयॉर्क संस्थानांतील या शहरीं विल्यम लव्ह नांवाच्या गृहस्थानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत वीज उत्पन्न करण्यासाठीं कालवा खणण्यास आरंभ केला. द्रव्याभावीं काम राहिलें. एक चर व खणणाऱ्याचें नांव एवढेंच मागें उरलें. इ. स. १९४२ ते १९५३ या काळांत हूकर इलेक्ट्रोकेमिकल कंपनीनें या चरांत सुमारें २१,००० टन विषारी रासायनिक टाकाऊ द्रव्यें पुरलीं. पुढें वर माती लोटून ती जागा शहराच्या शिक्षणमंडळास एका डॉलरास देण्यांत आली.

दि. २८ एप्रिल १९५३ चें हें खरेदीखत लक्षपूर्वक पाहण्यासारखें आहे. जागेंत रासायनिक द्रव्यें भरलीं असल्याची समज खरेदीदारास दिली आहे, व त्यांपासून कोणास इजा अथवा मृत्यु आल्यास कंपनीवर दावा चालणार नाहीं, असा त्याचा आशय आहे. म्हणजे देणाऱ्यास धोका ठाऊक होता व घेणाऱ्यासहि तो कळविलेला होता. १९५७ सालीं मंडळानें उरलेली जमीन घरबांधणीसाठीं विकण्याचा विचार चालविला तेव्हां कंपनीच्या वकिलानें हरकत घेतली, हेंहि न्यायबुद्धीनें नमूद केलें पाहिजे. परंतु १९५५ त तेथें शाळा सुरू झालीच होती. भोंवतालीं घरेंहि उठलीं. तीं घेणाऱ्या बहुतेक कुटुंबांस जमिनीखालीं काय आहे याची वार्ता नव्हती. करार दोघांचा, भोग तिसऱ्याच्या माथीं, असा हा प्रकार झाला.

१९७० नंतरच्या दशकांत पावसाबर्फाचें पाणी मुरून तीं द्रव्यें तळघरांत झिरपूं लागलीं. १९७८ त लोइस गिब्ज या तेथील गृहिणीनें, आपला मुलगा आजारी पडतो म्हणून, त्यास दुसऱ्या शाळेंत घालण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली, तेव्हां बाई अर्ज घेऊन घरोघर फिरल्या व रहिवाशांचा संघ उभा राहिला. दि. २ ऑगस्ट १९७८ रोजीं संस्थानच्या आरोग्याधिकाऱ्यानें संकट जाहीर केलें व शाळा बंद करविली. दि. ७ रोजीं अध्यक्ष कार्टर यांनींहि तसाच निर्णय दिला. चराजवळचीं सुमारें २३९ कुटुंबें हलविण्यांत आलीं. पलीकडच्यांस मात्र भय नाहीं असें सांगण्यांत आलें.

येथें दुसरें साधन उत्पन्न झालें. या बायांनीं घरोघर विचारून आजारांची नोंद नकाशावर केली. खुणा चराभोंवतीं वर्तुळाकार न पडतां वांकड्या रेषांत पडल्या. जुन्या रहिवाशांच्या आठवणी व छायाचित्रें तपासतां असें दिसलें कीं, बुजविलेले जुने ओहोळ त्याच रेषांनीं जात होते. बेव्हर्ली पेगन या शास्त्रज्ञ स्त्रीनें ही माहिती संगतवार लाविली. सरकारी तज्ज्ञांनीं ती गृहिणींची निरुपयोगी माहिती म्हणून उडवून लाविली.

माहिती देणारे स्वतः बाधित होते, व कर्करोगासंबंधींचा वाद पुढेंहि मिटला नाहीं, हे आक्षेप खरे आहेत. परंतु साक्षीची कसोटी अन्य स्वतंत्र पुराव्याशीं मेळ ही होय, आणि ओहोळांचा मेळ कोणी हेतुपुरस्सर घातलेला नव्हता. फेब्रुवारी १९७९ त संस्थाननेंच बाहेरील भागांतील गर्भवती स्त्रियांस व दोन वर्षांखालील मुलांस हलण्याचा सल्ला दिला. दि. २१ मे १९८० रोजीं कार्टर यांनीं दुसरी आज्ञा काढली, व पुढें शेंकडों कुटुंबांस कायमचें स्थलांतर मिळालें. घरमालकांस किंमत मिळाली. भाडेकऱ्यांस, ज्यांत पुष्कळ कृष्णवर्णीय होते, विकण्यास कांहींच नसल्यानें निराळा संघ काढावा लागला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत विषारी स्थळांच्या शुद्धीचा कायदा झाला.

२००४ सालीं हें स्थळ सरकारी धोक्याच्या यादींतून वगळलें गेलें. तथापि तीं द्रव्यें कुंपणाआड, मातीच्या थराखालीं, तेथेंच पुरलेलीं आहेत. म्हणून खरेदीखत व नकाशा हीं दोन्हीं साधनें दप्तरांत जपून ठेवणें पुरेसें नाहीं. जो तेथें नवा राहावयास येईल त्यास तीं वाचावयास मिळालीं पाहिजेत, असें आम्हांस वाटतें.