खारी माती, फिके मीठ आणि थकलेली माणसे

बुलढाणा जिल्ह्याच्या भूमीत क्षारांची दोन मोठी भांडारे आहेत. दक्षिणेला लोणारचे सरोवर. उल्कापाताने बेसाल्टच्या खडकात पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातले त्याचे पाणी इतके अल्कधर्मी आहे की त्याचा सामू दहाच्या आसपास जातो. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत विहीर खणावी तर पाणी लागते, पण ते तहान भागवीलच असे नाही.

लोणारच्या क्षारांचा उल्लेख अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे. स्थानिक लोकांनी तर त्यांना प्रतवारीप्रमाणे नावेच दिली होती: डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. साबण, बांगड्यांची काच, पापडखार असे त्यांचे नाना उपयोग. खारपाणपट्ट्याच्या खाऱ्या विहिरींनी तर इतिहासच घडवला. एप्रिल १९३० मध्ये गांधीजी दांडीला पोहोचल्यावर, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडाने शेजारच्या अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढून कायदा मोडला.

मात्र खारट पदार्थात आयोडीन असतेच, असे नाही. समुद्राच्या साध्या मिठातही ते नगण्य असते. प्रौढ माणसाला दिवसाला अवघे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. वर्षभराची गरज चिमटीत मावेल एवढी. तेवढेही मिळाले नाही, तर गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी आपले संप्रेरक पुरेसे बनवू शकत नाही. ती फुगते, आणि शरीराचा सगळा कारभार मंदावतो.

फुगलेल्या गळ्याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे, गलगंड. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आहे. पण गळा न सुजताही शरीर मंदावते, ही गोष्ट कळायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. १८७३ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी पाच स्त्रियांची प्रकरणे वैद्यकमंडळापुढे मांडली. चेहरा सुजलेला, त्वचा कोरडी, बोलणे जड, हालचाल संथ. पुढे विल्यम ऑर्ड यांनी या अवस्थेला ‘मिक्सिडिमा’ हे नाव दिले. १८८८ च्या समिती-अहवालात १०९ रुग्णांची नोंद आहे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. त्याआधी अशा किती जणींची ‘आळशी’ म्हणून बोळवण झाली असेल, त्याची नोंद कोणत्याच दफ्तरात नाही.

उपाय मिळाला तो मेंढीकडून. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका ४६ वर्षांच्या स्त्रीला टोचला. काही महिन्यांत तिचा चेहरा उतरला, ती पुन्हा चालू-बोलू लागली. अर्क पोटातून दिला तरी चालतो, हे पुढच्याच वर्षी दिसून आले. ती बाई आणखी २८ वर्षे जगली आणि १९१९ मध्ये ७४ व्या वर्षी वारली. मरे यांच्या हिशेबाप्रमाणे तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या! १९१४ च्या नाताळात एडवर्ड केंडल यांनी अमेरिकेत शुद्ध थायरॉक्सिन वेगळे केले, १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार करता आले.

आता वजनाचा प्रश्न. १८९५ मध्ये आडोल्फ माग्नुस-लेवी यांनी श्वासातील वायूंचे मापन करून दाखवले की थायरॉइड मंद असलेल्या माणसाचे शरीर विश्रांतीतही कमी ऊर्जा जाळते. यातून लोकांनी घाईने उलटा निष्कर्ष काढला: थायरॉइडचा अर्क घ्या, बारीक व्हा. निरोगी ग्रंथीच्या माणसांनी वजन उतरवण्यासाठी तो घेण्याची टूम तेव्हाच सुरू झाली. चरबीबरोबर स्नायू झिजले, हाडे ठिसूळ झाली, हृदयाचे ठोके चुकू लागले. आज अमेरिकेत या औषधांच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत इशारा छापलेला असतो की हे लठ्ठपणावरचे औषध नव्हे.

खरा हिशेब निराळाच आहे. थायरॉइड मंदावल्याने वाढणारे वजन बहुधा दोन ते पाच किलो असते, आणि त्यातला मोठा वाटा शरीरात साठलेल्या मीठ-पाण्याचा असतो. औषध सुरू झाल्यावर तेवढे उतरते. पंधरा-वीस किलोंचा बोजा मात्र एकट्या थायरॉइडच्या माथी मारता येत नाही. तिथे आहार, चालणे, झोप यांकडेच वळावे लागते. गोळीचा डोस मनाने वाढवून तो उतरवणे म्हणजे १८९० च्या दशकातलीच चूक पुन्हा करणे.

थकव्याचीही तीच गत. थायरॉक्सिन शरीरात संथपणे काम करते. त्याचे निम्मे प्रमाण घटायलाच सुमारे सात दिवस लागतात. म्हणून डोस ठरवल्यावर टीएसएचची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. आठवड्यात हुशारी आली नाही म्हणून गोळी सोडणाऱ्यांची संख्या थोडी नसावी. शिवाय महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. थायरॉइडमध्ये संप्रेरक बनवणाऱ्या एन्झाइमलाही लोह लागते. म्हणजे थकवा एक आणि त्याची कारणे दोन. पेच असा की लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतली, तर ती तिचे शोषण अडवते. दोहोंत चार तासांचे अंतर हवे.

पुन्हा मिठाकडे येऊ. रेल्वेपूर्वी वऱ्हाडात कोकणचे मीठ येई ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. ‘लमाण’ या नावाचे मूळ ‘लवण’ शब्दात आहे, असे मानले जाते. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत लोहमार्ग पूर्ण झाला. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके त्याच मार्गावरची. तेव्हापासून मीठ वाघिणीतून येऊ लागले. (मिठाची चोरटी वाहतूक रोखणारे इंग्रजांचे प्रसिद्ध काटेरी कुंपण बुऱ्हाणपूरजवळ संपत असे, हा आणखी एका धाग्याचा विषय.)

या मिठातूनच आयोडीन देण्याची कल्पना भारतात सिद्ध केली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी. १९५६ पासून हिमालयाच्या कांगडा खोऱ्यात त्यांच्या चमूने काही भागांना आयोडीनयुक्त आणि एका भागाला साधे मीठ पुरवले. सहा वर्षांत आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड झपाट्याने घटला, उरलेल्या भागात तो होता तसाच राहिला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हा आजार हिमालयाचाच, ही समजूतही पुढे मोडली. महाराष्ट्रात औरंगाबाद जिल्ह्यात गलगंडाचे क्षेत्र आढळले. त्या जिल्ह्याचा जालन्याकडचा भाग बुलढाण्याला लागूनच होता. जालना वेगळा झाला तो १९८१ मध्ये.

साध्या खाण्याच्या मिठाच्या विक्रीवर १९९८ मध्ये देशव्यापी बंदी आली, २००० मध्ये ती उठवली गेली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मूळ कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला, पण लोकांच्या आरोग्यासाठी सहा महिने चालू ठेवण्याची मुभा दिली. त्याच वर्षीच्या नव्या अन्नसुरक्षा नियमांत ती तरतूद कायम राहिली. आयोडीन पोहोचले, गलगंड ओसरला. तरीही २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत थायरॉइड मंदावलेला आढळला. आता मुख्य कारण निराळे आहे: शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. जपानचे हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये अशा ग्रंथींचे वर्णन केले होते. त्यामागची यंत्रणा उलगडली ती १९५६ मध्ये.

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातील गावांत माणसांचे केस अचानक झडू लागले, तेव्हा चर्चेत आले ते सेलेनियमचे वाढलेले प्रमाण. थायरॉक्सिनचे अधिक प्रभावी रूपात परिवर्तन करणाऱ्या एन्झाइमांनाही हेच सेलेनियम लागते, पण अगदी कणभर. थोडे कमी पडले तरी बाधते, थोडे अधिक झाले तरी बाधते. त्या गावांखालच्या मातीत पूर्णेचे क्षार अजूनही आहेत, विहिरींचे पाणी तसेच खारे आहे, आणि घरातल्या डब्यातले मीठ दूरच्या किनाऱ्यावरून आयोडीन घेऊन येते.