ब्रेकथ्रू ज्युनिअर चॅलेंज

विज्ञान वा गणितातील एखादी अवघड संकल्पना छोट्या चित्रफितीतून समजावून सांगण्याची विद्यार्थ्यांसाठीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. युरी व जूलिया मिल्नर यांच्या पुढाकाराने २०१५ मध्ये ती सुरू झाली. ब्रेकथ्रू पारितोषिकाशी ती संलग्न आहे. १३ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींना तीत भाग घेता येतो. विषय जीवशास्त्र, भौतिकी वा गणित यांतला असावा लागतो.

विजेत्याला उच्च शिक्षणासाठी अडीच लाख डॉलरची शिष्यवृत्ती मिळते. त्याच्या शिक्षकाला ५० हजार डॉलर आणि शाळेला एक लाख डॉलर खर्चाची प्रयोगशाळा मिळते. यशात गुरू व शाळा यांचा वाटा असा रोख मोजणारी ही तरतूद स्पर्धेचे सर्वांत मोलाचे अंग होय.

परीक्षणाच्या पहिल्या टप्प्यात स्पर्धकच एकमेकांच्या चित्रफिती तपासतात; अंतिम निवड तज्ज्ञांची समिती करते. पाठांतर इथे उपयोगी पडत नाही, कारण नेमकी उपमा सुचायला विषय आतून उमगावा लागतो. पहिल्या वर्षी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या विद्यार्थ्याने आइन्स्टाइनचा विशिष्ट सापेक्षता सिद्धांत उलगडून पारितोषिक मिळवले. २०२० च्या कॅनेडियन विजेतीने पुंजयांत्रिकीतील बोगदा-परिणाम सांगितला : पुरेशी ऊर्जा नसतानाही कण अडथळ्यापलीकडे सापडण्याची शक्यता असते. तिने त्यासाठी फासे व व्हिडिओ गेम यांचा आधार घेतला. २०१८ चे पारितोषिक भारतात आले. बंगळुरूच्या विद्यार्थ्याची चित्रफीत शरीरातील दैनिक जैविक घड्याळावर होती.