दस्तातील वर्णन : मोघम आणि नेमके

ज्या वर्णनातून वस्तूची ओळख पटत नाही ते मोघम. ज्यातून एकच एक वस्तू ठरते ते नेमके. स्थावर मालमत्तेच्या दस्तांत हा भेद फार महाग पडतो, आणि जमिनीला सोन्याचे मोल आलेल्या पनवेल परिसरात तर विशेषच.

मुळात ‘पनवेल’ हेच नाव व्यापक आहे. रायगड जिल्ह्यातील तालुका, जुने शहर, रेल्वे स्थानक आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आलेली महानगरपालिका, या सर्वांना ते लागू पडते. कामोठे, कळंबोली, खारघर ही महसुली गावे आहेत आणि सिडकोच्या वसाहतीही. पत्त्याखाली सर्रास ‘नवी मुंबई’ लिहिले जाते; मात्र या वसाहती नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत येत नाहीत. नुसते ‘सेक्टर ६’ म्हटले, तर कोणत्या वसाहतीतील, हा प्रश्न उरतोच.

नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २१ नुसार, मिळकत ओळखण्याइतके वर्णन नसेल तर मृत्युपत्राखेरीज अन्य दस्त नोंदणीसाठी स्वीकारला जात नाही. म्हणूनच शेतजमिनीच्या दस्तात मौजे, तालुका, जिल्हा, सर्व्हे किंवा गट क्रमांक, हिस्सा, क्षेत्र आणि चतुःसीमा नमूद करतात. यांपैकी चतुःसीमा वाचताना सर्वांत नेमकी वाटते : पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस आंब्याचे झाड. परंतु सिडकोच्या स्थापनेनंतर (१९७०) येथील भातखाचरे संपादित झाली, त्यांवर रस्ते व इमारती उभ्या राहिल्या आणि अशा कित्येक खुणा पुसल्या गेल्या. जुन्या दस्तातील शेजारी आणि झाड दोन्ही आता दाखवता येत नाहीत. तपशील पुष्कळ असणे निराळे आणि तो टिकाऊ असणे निराळे. शक्य असेल तेथे सरकारी नकाशाचा किंवा भूमापनाचा आधार द्यावा, असे हेच कलम सांगते.

संदर्भामुळे मोघम शब्दही कधी नेमका होतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २९ खालील उदाहरण प्रसिद्ध आहे : ‘शंभर टन तेल’ विकण्याचा करार, कोणते तेल हे ठरत नसल्याने शून्यवत, विक्रेता केवळ खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल, तर तोच करार वैध. जमिनीला मात्र असा आधार क्वचितच मिळतो, कारण एकाच खातेदाराचे दोन गावांत चार तुकडे असू शकतात.

प्रकल्पग्रस्तांच्या साडेबारा टक्के योजनेत ही अडचण उघड दिसते. पात्रता मंजूर झाल्यावर मिळणारे क्षेत्र कळते. भूखंड कोणता, हे वाटपाच्या वेळी ठरते. मधल्या काळातील करारात ‘मिळणारा भूखंड’ एवढेच लिहिता येते. तो मुख्य रस्त्यालगत निघेल की नाल्याकडेला, यावर त्याची किंमत अवलंबून असते, आणि भाव मात्र आधीच ठरलेला असतो. वसाहत, सेक्टर, भूखंड क्रमांक आणि चौरस मीटर हा तपशील वाटपपत्र आल्यावरच भरता येतो.