धातू भंगाराची नौभरणपूर्व तपासणी

धातू भंगाराची नौभरणपूर्व तपासणी म्हणजे भारतात येणारे धातूचे भंगार जहाजावर चढविण्यापूर्वी, पाठविणाऱ्या देशातच मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेण्याची पद्धत होय. तपासणीनंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्रास व्यापारात ‘पीएसआयसी’ म्हणतात. किरणोत्सर्गी पदार्थ व स्फोटके कारखान्याच्या भट्टीपर्यंत पोहोचू नयेत, हा या पद्धतीचा मुख्य हेतू आहे. तिचे नियम विदेश व्यापार महासंचालनालय ठरविते. पितळ व पोलाद या दोन्ही उद्योगांशी संबंध असलेल्या भंडारा जिल्ह्यासारख्या भागांच्या दृष्टीने हे नियम महत्त्वाचे आहेत.

पार्श्वभूमी

३० सप्टेंबर २००४ रोजी उत्तर प्रदेशातील साहिबाबाद येथील एका पोलाद कारखान्यात आयात भंगारातील जिवंत तोफगोळ्यांचा स्फोट होऊन दहा कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर भंगाराच्या आयातीवरील निर्बंध कडक झाले. २००८ मध्ये भारतातून पाठविलेल्या पोलादी भागांपासून फ्रान्समध्ये बनविलेल्या लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० हे किरणोत्सर्गी द्रव्य आढळले. असे द्रव्य भंगारासोबत एकदा वितळले की ते संपूर्ण धातूत मिसळते व नंतर वेगळे काढणे जवळजवळ अशक्य होते. म्हणूनच तपासणी भट्टीच्या आधी, शक्य तितक्या लवकर होणे आवश्यक मानले जाते.

प्रमाणपत्राचे स्वरूप

प्रमाणपत्रात मुख्यतः तीन बाबींची ग्वाही असते : मालातील किरणोत्सर्गाची पातळी नैसर्गिक पातळीपेक्षा अधिक नाही, मालात शस्त्रे, दारूगोळा, सुरुंग, काडतुसे किंवा अन्य स्फोटके नाहीत, आणि माल आंतरराष्ट्रीय मान्य निकषांनुसार प्रत्यक्षात धातूचे भंगारच आहे. तपासणी संस्थांची यादी व प्रमाणपत्राचा नमुना महासंचालनालयाच्या कार्यपद्धती पुस्तिकेच्या परिशिष्टांत दिलेला असतो. भंगार केवळ नेमून दिलेल्या बंदरांतून आणता येते. काही देशांतून येणाऱ्या भंगारास विशिष्ट अटींवर सूट मिळते.

आयातदाराची पूर्वतयारी

सौदा करण्यापूर्वीच आयातदाराने चालू नियम, मान्य बंदरांची यादी व तपासणी संस्थेची मान्यता पडताळणे आवश्यक असते. माल किरणोत्सर्गमुक्त असल्याची अट खरेदीकरारातच लिहावी लागते. कराराची प्रत सीमाशुल्क विभागास सादर करावी लागते. करारात भंगाराची प्रत स्पष्ट नोंदविली जाते. उदाहरणार्थ, मिश्र पिवळ्या पितळेच्या भंगारास जागतिक व्यापारात ‘हनी’ हे सांकेतिक नाव आहे. प्रमाणपत्र, बीजक, पॅकिंग यादी व नौभरणपत्र यांतील वजन, मालाचे वर्णन व कंटेनर क्रमांक परस्परांशी जुळावे लागतात. त्यांत तफावत आढळल्यास माल बंदरात अडकतो व विलंबशुल्क वाढत जाते. माल जहाजावर चढल्यानंतर ही उणीव भरून काढणे कठीण असते, म्हणून तयारीचा मोठा भाग सौद्याच्या वेळीच पार पडतो.

भंडारा जिल्हा

भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू असून जुनी भांडी मोडीत काढून त्याच धातूपासून नवी घडविता येतात. जिल्ह्यातील वरठी येथे पोलाद कारखाना आहे. मुंबईची बंदरे येथून आठशे किलोमीटरहून अधिक दूर आहेत. अशा ठिकाणच्या लहान ओतकामवाल्यास स्वतः आयात न करता व्यापाऱ्याकडून भंगार घेतल्यास मूळ तपासणीची माहिती आपोआप मिळत नाही. माल आयात केलेला असल्यास खरेदीच्या वेळी प्रमाणपत्राची प्रत मागून घेणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

मर्यादा

हे प्रमाणपत्र धातू स्वयंपाकाच्या भांड्यांस योग्य असल्याची हमी देत नाही. यंत्रभागांसाठीच्या काही पितळांत कातकाम सुलभ व्हावे म्हणून शिसे मिसळलेले असते. ते ओळखण्यासाठी स्वतंत्र रासायनिक परीक्षण करावे लागते. तसेच ही तपासणी केवळ आयात मालापुरती आहे. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० मुळे किरणोत्सर्गाची बाधा होऊन एकाचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेतील यंत्र देशातीलच एका विद्यापीठाने लिलावात विकलेले होते.