आईचा पुनर्विवाह झाला, तरी मुलांचा हक्क कायम

निपाणी कर्नाटकात आणि शेजारचे कागल महाराष्ट्रात. सोयरिकी मात्र ही सीमा मानत नाहीत. विधवा किंवा घटस्फोटित महिला मुलांसह नव्या घरी येते, तेव्हा नात्यांबरोबर कुटुंबाचा जमाखर्चही बदलतो. त्यातील मुख्य सूत्र असे : पत्नी वा विधवा म्हणून मिळणारे लाभ पुनर्विवाहाने थांबतात, अपत्य म्हणून असलेला हक्क थांबत नाही.

पोटगी
भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 नुसार (1 जुलै 2024 पूर्वीचे कलम 125) पुनर्विवाहित महिलेला पूर्वपतीकडून स्वतःसाठी पोटगी मागता येत नाही. अल्पवयीन अपत्य औरस असो वा अनौरस, त्याच्या निर्वाहाची जबाबदारी मात्र जन्मदात्या पित्यावरच राहते. पिता सीमेपलीकडे राहत असला, तरी तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत आदेशाची अंमलबजावणी करून घेता येते.

निवृत्तिवेतन
बिडी कामगारांसह भविष्य निर्वाह निधीच्या सभासदांना 1995 ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू असते. सभासदाच्या विधवेने पुनर्विवाह केल्यास तिचे वेतन बंद होते. मात्र मुलांना अनाथ मानून वाढीव वेतन दिले जाते. प्रत्येक मुलामागे किमान 250 रुपयांऐवजी किमान 750 रुपये, एका वेळी दोन मुलांना, वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत मिळतात. त्यासाठी भविष्य निर्वाह निधी कार्यालयात अर्ज करावा.

शासकीय योजना
कर्नाटकातील विधवा वेतन पुनर्विवाहानंतर मिळत नाही. गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा 2,000 रुपये शिधापत्रिकेवरील कुटुंबप्रमुख महिलेस मिळतात. ती किंवा तिचा पती प्राप्तिकर भरत असल्यास नाहीत. त्यामुळे नव्या पतीची करस्थिती येथे निर्णायक ठरते. महाराष्ट्राची लाडकी बहीण योजना त्या राज्यातील रहिवासी महिलांपुरतीच आहे. कागलहून निपाणीस आलेल्या वधूला ती चालू ठेवता येत नाही.

प्राप्तिकर
दिलेल्या पोटगीवर पित्याला करसवलत नाही. अल्पवयीन मुलाच्या ठेवीवरील व्याज सर्वसाधारणपणे आईवडिलांपैकी अधिक उत्पन्न असलेल्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. त्यांचा विवाह संपुष्टात आला असल्यास मुलाचा सांभाळ करणाऱ्याच्या उत्पन्नात.

वारसा आणि कागदपत्रे
हिंदू वारसा कायद्यानुसार मूल जन्मदात्या पित्याचा वारस राहते. सावत्र पित्याच्या मिळकतीत त्याला पुत्र वा कन्या म्हणून आपोआप वाटा मिळत नाही. म्हणूनच शाळेच्या दाखल्यावर नव्या पित्याचे नाव लावण्याची घाई करू नये. मूळ जन्मदाखला, पहिल्या पतीचा मृत्यूदाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा जपून ठेवावा. मुलाचा हक्क सिद्ध करण्यासाठी पुढे हीच कागदपत्रे लागतात.