इफिससचें देऊळ व एक दानलेख

तुर्कस्थानांतील कुशादासी बंदरीं प्रवासी आगबोटी लागतात, त्या बहुधा जवळच्या इफिससच्या अवशेषांसाठीं. इफिससचें स्वतःचें बंदर नदीच्या गाळानें बुजलें. आर्टेमिसचें विख्यात देऊळही गाळाखालीं लुप्त झालें. जॉन टर्टल वुड यानें इ. स. १८६३ पासून त्याचा शोध आरंभिला. परंतु धागा सांपडला तो १८६६ त, तेथील नाटकगृहांतील शिलालेखांत. इ. स. १०४ च्या या दानलेखांत देवीच्या मूर्ती देवळांतून कोणत्या वेशीनें नगरांत आणाव्या व कोणत्या वेशीनें परत न्याव्या, हें नमूद आहे. वेशीबाहेरील तो मार्ग धरून खणतां ३१ डिसेंबर १८६९ रोजीं देवळाची फरसबंदी लागली.

देवस्थानांच्या दप्तरांतील नेमणुका, वर्षासनें, पालखीचे मार्ग असले कागद किरकोळ म्हणून टाकूं नयेत, असें आम्ही म्हणतों तें याचसाठीं.