दप्तराबाहेरचे आयुष्य

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, पाइनच्या रानांच्या आसमंतात, फॉरेस्ट नावाचे एक लहान गाव आहे. इमारती लाकूड आणि कोंबड्यांची पैदास यांखेरीज भूगोलाने दखल घ्यावी असे तेथे फारसे काही नाही; परंतु स्वमग्नतेचा, म्हणजे ऑटिझमचा, इतिहास धुंडाळणाऱ्याला हे गाव टाळून पुढे जाता येत नाही. या निदानाखाली वैद्यकाच्या दप्तरात ज्यांची नोंद सर्वप्रथम झाली ते डोनाल्ड ट्रिपलेट १९३३ मध्ये येथलेच म्हणून जन्मले आणि २०२३ च्या जून महिन्यात, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, येथलेच म्हणून निवर्तले. स्वमग्नतेविषयीचे कितीतरी गैरसमज त्या पहिल्या नोंदीच्या आसपास उगवले. त्यांचे निरसन मात्र नोंदीत नव्हे, तर नोंदीनंतरच्या दीर्घ आयुष्यात शोधावे लागते.

वडील वकील, आई गावातील बँकेच्या मालकांच्या घराण्यातील. आणि मुलगा असा, की गाणी तोंडपाठ म्हणे, वस्तू भिंगरीसारख्या फिरवीत तासन्‌तास बसे, परंतु आईबापांच्या येण्याजाण्याची दखल घेत नसे. वैद्यांच्या सल्ल्याने १९३७ मध्ये, वयाची चार वर्षे पुरी होण्याआधीच, त्याला घरापासून दूर एका संस्थेच्या हवाली करण्यात आले. वर्षभराने आईबापांनी हट्टाने त्याला परत आणले, आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना वडिलांनी तेहेतीस पृष्ठांची तपशीलवार कैफियत लिहून धाडली. कॅनर यांच्या १९४३ च्या सुप्रसिद्ध निबंधात अकरा मुले आहेत; त्यांतील पहिले डोनाल्ड होय, आणि त्याच्या वर्णनाचा पुष्कळसा मजकूर त्या कैफियतीतून उचललेला आहे.

ज्या बारकाईमुळे हे निदान शक्य झाले तीच पुढे आईबापांच्या विरुद्ध पुरावा म्हणून रुजू व्हावी, हा या इतिहासातील सर्वांत कटू भाग आहे. ही अवस्था जन्मजात असावी असे कॅनर यांनी निबंधाच्या अखेरीस स्पष्ट म्हटले होते. परंतु त्याच निबंधात, पालकांनी ठेवलेल्या तपशीलवार टिपणांत त्यांना पालकांचाच एक प्रकारचा अतिरेकी स्वभाव दिसला, आणि यांच्या घरांत मायेची ऊब कमी असावी अशी शंकाही त्यांनी नोंदवून ठेवली. पुढील दोन दशकांत जन्मजाततेचा मुद्दा मागे पडला आणि शंकेची तोहमत झाली. शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात तिला जवळजवळ सिद्धान्ताचे रूप दिले, आणि असंख्य मातांनी, आपल्याच थंडपणाने मूल असे झाले, हा न केलेला अपराध मुकाट्याने वाहिला. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशाच एका मुलाचे वडील. त्यांनी त्यापूर्वीच, १९६४ मध्ये, एका ग्रंथात या मताचे साधार खंडन केले होते, त्या ग्रंथाला खुद्द कॅनर यांनी प्रस्तावना लिहिली, आणि १९६९ मध्ये पालकांच्या सभेसमोर उभे राहून त्यांना दोषमुक्तही केले. १९७७ मध्ये लंडनच्या सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासल्या: एकरूप जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चारांत दोन्ही भावंडे स्वमग्न निघाली, भिन्नरूप जुळ्यांच्या दहांपैकी एकीतही नाही. तोहमतीचा पाया त्यानंतर उरला नाही. तोहमत मात्र अनेक घरांत उरली.

दुसरा गैरसमज असा, की हा बालपणाचा विकार असून मूल मोठे झाले की ओसरतो. शोध लागला तो बालकांच्या दवाखान्यात. कॅनर यांनी नाव दिले तेही शैशवाशी जोडलेले. आणि अमेरिकेच्या मनोविकारविषयक अधिकृत सूचीत १९८० मध्येही ते शैशवाचे विशेषण कायम होते, ते १९८७ मध्ये गळाले. ज्या दप्तरात केवळ मुलांचीच नावे चढतात, त्यात प्रौढ सापडावे कसे? कॅनर यांनी १९७१ मध्ये त्या अकरा जणांचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा सरकारी मनोरुग्णालयांत ज्यांची रवानगी झाली होती त्यांचे बालपणीचे तेज पार विझलेले आढळले, आणि तेथील भरती ही जन्मठेपेच्याच तोलाची, असा निष्कर्ष त्यांना काढावा लागला. डोनाल्ड मात्र पदवीधर होऊन फॉरेस्टच्या बँकेत काम करीत होते.

मग ते बरे झाले होते काय? तसे म्हणता येत नाही. त्यांचे संभाषण अखेरपर्यंत तुटक राहिले, दिनक्रम काटेकोर राहिला, ओळखीच्या माणसांना क्रमांक देण्याची वहिवाट राहिली. आणि त्याचबरोबर ते मोटार चालवीत, गोल्फ खेळत, एकट्याने परदेशच्या सफरी करीत. शाळेच्या भिंतीतील विटा त्यांनी एका दृष्टिक्षेपात मोजल्याची आख्यायिका गावाने अर्धशतक सांभाळली, कारण अशा माणसात काही अलौकिक शक्ती असतेच, हाही एक लाडका समज आहे; वृद्धपणी त्यांनीच खुलासा केला, की आकडा मनाने ठोकून दिला होता, लोकांनी आपल्याला चांगले म्हणावे म्हणून.

बदलला तो भोवताल. १९४२ पासून काही वर्षे डोनाल्ड एका शेतकरी दांपत्याकडे राहिला. त्याला मोजमापाचा ध्यास, तेव्हा त्यांनी त्याला विहीर खणून तिची खोली सांगण्यास लावले. तो मक्याच्या ओळी पुनःपुन्हा मोजी, तेव्हा नांगर हाती देऊन नांगरता नांगरता मोजण्यास सांगितले. ध्यास मोडण्याऐवजी त्याला काम देण्याची ही तजवीज त्या दांपत्याने कोणत्याही ग्रंथावाचून केली, आणि पुढे गावानेही आपल्या परीने तीच चालू ठेवली.

अर्थात त्यांच्या पाठीशी घरची बँक होती, आणि आईबापांच्या पश्चात कुटुंबाचा विश्वस्त निधी होता. हे बळ सर्वांना कोठून असणार? आपल्याकडील १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्नतेचा नावानिशी समावेश करून अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद केली, ती याच चिंतेपोटी. ‘हा केव्हा बरा होईल’ हा प्रश्न पालक पहिल्या भेटीत विचारतात. ‘आमच्या मागे याचे कसे’ हा प्रश्न त्यांना पुढे जन्मभर पुरतो, आणि उत्तर देण्याजोगा प्रश्न तोच आहे, कारण त्याचे उत्तर औषधात नसून कायद्यात, निधीत आणि शेजाऱ्यांच्या वागणुकीत आहे.